हातमोजाच्या बाहुलीचे हात हलवायचे कसे

मी सुट्टीत बेळगावच्या शहापुरात गल्लीतल्या पोरांना बाहुल्या करायला शिकवते आणि दरवर्षी एकच तक्रार असते, "अक्का, हिचे हात नुसते लोंबकळालेत की ओ!" सगळा जीव डोळे-केस चिकटवण्यात जातो आणि हातांचा विचार शेवटी, म्हणून असं होतं. कापड कापायच्या आधीच ठरवा बाहुलीनं हातांनी काय करायचंय. वस्तू उचलायचीय, नमस्कार करायचाय, की बोलताना नुसते हातवारे? त्यावरच पुढचं सगळं अवलंबून.

वस्तू उचलायची असेल तर बाहुलीच्या हातांत आपली बोटं घालण्याशिवाय पर्याय नाही. आमच्या नाटकात आजी पाहुण्याला कुंद्याचा, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईचा डबा देते, तो दोन्ही हातांत धरून पुढे करायचा, हे काडीनं हलवायच्या हातांना जमतच नाही. केरळच्या पावाकथकळीत, म्हणजे तिथल्या हातमोजा बाहुल्यांच्या खेळात, तर्जनी डोक्यात आणि अंगठा व मधलं बोट दोन हातांत घालतात, मीही पोरांना आधी तेच शिकवते कारण पकड चांगली येते. अंगठा आणि करंगळी घालून पण बघा, हात जास्त फाकतात, मिठी छान मारता येते, पण करंगळीत जोर कमी, डबा हमखास पडतो.

आता खरी अडचण. अंगठा आखूड आणि खाली, मधलं बोट लांब आणि वर, त्यामुळे बाहुली एका बाजूला कलते आणि नमस्कार केला की तळवे जुळतच नाहीत. यावर उपाय जुनी लग्नपत्रिका, घरोघरी पडलेलीच असते. तिची पट्टी बोटाभोवती दोन-अडीच वेढे गुंडाळून नळी करायची, फेविकॉल लावून रात्रभर वाळवायची आणि बाहीच्या टोकाला आतून शिवायची, बोट पहिल्या पेरापर्यंतच नळीत जाईल एवढी. अंगठ्याची नळी मात्र एक सेंटीमीटर जास्त लांब ठेवा आणि पुढच्या मोकळ्या भागात कापूस भरा, म्हणजे दोन्ही हात सारखे दिसतात. नळी असली की बोट जरासं हललं तरी तळवा हलतो, नाहीतर बोट आत वळवळतं आणि बाहेर नुसती सुरकुती पडते.

मापासाठी पोराचा हात पेपरवर ठेवा, तीन बोटं फाकवून बाहेरून २ सेंटीमीटर सोडून रेघ मारा आणि लांबी कोपरापर्यंत घ्या, हात वर केला की मनगट उघडं पडलं तर सगळी मजा जाते. मोठ्यांच्या मापाचा मोजा लहान पोराला देऊ नका, बोटं पोचतच नाहीत आणि पोरगं बिचारं स्वतःला दोष देत बसतं. कापड वडगाव-शहापूरच्या टेलरांकडे चिंध्यांत मिळतं, जरा मऊ आणि पडणारं बघून घ्या, कडक कापडात बोटं दमतात.

तोंड उघडणारी बाहुली असेल तर एक अख्खा हात तोंडातच अडकतो, मग तिच्या हातांना काड्या लावायच्या. मोडकी छत्री टाकू नका! तिच्या काडीच्या टोकाला बारीक भोक असतंच, त्यातून दोरा ओवून मनगटाला आतल्या बाजूनं पक्कं शिवा, दुसऱ्या टोकाला चिकटपट्टीचे वेढे देऊन मूठ करा आणि काडीला काळा रंग द्या, चकाकणारा नको. हातात कापूस भरताना कोपर आणि खांदा रिकामा सोडून तिथे आडवी शिलाई मारा, ठासून भरलात तर हात वाकणारच नाही. तळव्यात एक छोटा वॉशर घातला की हात आपोआप खाली येतो.

दोन काड्या एका मुठीत सांभाळायला पोरांना आठवडा तरी लागतो. तोपर्यंत काडी एकाच हाताला लावा आणि दुसरा हात तंगुसाने, म्हणजे मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्यानं जोडा. सेसमी स्ट्रीट या अमेरिकन मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या त्या मोठ्या पिवळ्या बिग बर्डचं असंच आहे, आतल्या माणसाचा उजवा हात वर पक्ष्याच्या डोक्यात, म्हणून उजवा पंख मानेखालच्या कडीतून नेलेल्या तंगुसाने दुसऱ्या पंखाला जोडलेला. आपण हनुवटीखाली पडद्याची छोटी कडी शिवायची, एका मनगटाचं तंगूस तिच्यातून ओवून दुसऱ्या मनगटाला बांधायचं. एक हात खाली ओढला की दुसरा वर जातो, बघणाऱ्याला वाटतं दोन्ही हात जिवंत आहेत. दोन्ही हात पोटाशी असताना तंगूस जेमतेम ताणलेलं हवं, ढिलं राहिलं तर दुसरा हात उशिरा उठतो.

मग आरशासमोर बसा. प्रत्येक शब्दाला हात हलवू नका, पोरं हमखास तेच करतात आणि बाहुली माशा हाकलतेय असं दिसतं. "या की पाव्हणं, बसा" यातल्या फक्त "बसा"ला हात पुढे करा आणि तिथेच थांबवा, पाहुणा बसेपर्यंत.