गोडी छाटणीच्या तोंडावर: मुंग्यांवर पावडर टाकण्याआधी त्या काय पितायत ते बघा

पाऊस उघडायला लागलाय, नाशिकच्या निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडं द्राक्षाच्या गोडी छाटणीची, म्हणजे घड धरायच्या छाटणीची गडबड सुरू झालीय आणि दुकानात मुंग्यांच्या पावडरची मागणी पण सुरू. मंडळी, जरा थांबा. मुंगी ना द्राक्षाचा घड खाते ना टोमॅटो, ती गोडासाठी झाडावर चढते, आणि ते गोड तिला कोण देतंय यावरच ठरतं की ती आपल्या कामाची का नुकसानीची.

बांधावर चवळी असेल तर सकाळी सकाळी जाऊन बघा. शेंगा जिथून निघतात त्या दांड्याच्या टोकाला, दोन फुलांच्या मधे बारीक फुगीर गाठी असतात आणि त्यातून चकचकीत थेंब येतो. हा रस फुलातला नाही, झाड तो मुद्दाम फुलाबाहेर देतं, त्यात साखर असते, थोडी अमिनो आम्लं असतात. मुंगी त्या थेंबासाठी दिवसभर तिथंच फिरते आणि फिरता फिरता किडीची अंडी, बारीक अळ्या उचलून नेते. एरंडाच्या देठावर पान जोडलंय तिथं अशाच ग्रंथी दिसतील, आणि मालेगाव, येवल्याकडच्या कपाशीवाल्यांनी पान उलटं करून मधल्या शिरेवर बघा, एक बारीक खळगा आहे तीच ही ग्रंथी. अळीनं कपाशीचं पान कुरतडलं की झाड हा रस वाढवतं, म्हणजे गरज पडली की राखणदाराचा पगार वाढवतं म्हणा ना. मध्य अमेरिकेत तर बाभळीच्या कुळातल्या काही झाडांच्या पोकळ काट्यात मुंग्या घरच करून राहतात, डॅनियल जॅन्झेन या शास्त्रज्ञानं 1966 मध्ये दाखवून दिलं की तिथल्या मुंग्या काढल्या की किडी त्या झाडांचा पार फडशा पाडतात.

आपल्याकडं एवढी पक्की जोडी नाही हे खरं, आणि शेंगेत किंवा फुलात शिरून बसलेली अळी मुंगीच्या आवाक्यात नसते. पण फुकटची राखण कशाला घालवायची? शिवाय हाच रस पिऊन मित्रकिडी, म्हणजे लेडीबर्ड भुंगे आणि अळीवर अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या पण तग धरतात. टोमॅटो, मिरचीच्या प्लॉटभोवती चवळीची एक ओळ थंडी पडायच्या आत टोकून घ्या, साधारण दीड महिन्यात फुलावर येते. फक्त चवळीवर काळा मावा आला तर मुंग्या त्याच्याजवळ पण जमतात, म्हणून गर्दी दांड्यावरच्या गाठीशी आहे का माव्यापाशी ते नीट बघा.

द्राक्षात मात्र गोष्ट उलटी. वेलीला मुंगी चढली की ती बहुतेक वेळा पिठ्या ढेकणाच्या, आपल्या भाषेत मिलीबगच्या मागे असते. मिलीबग वेलीचा रस पितो आणि चिकट गोड पाणी सोडतो, मुंगी ते पिते आणि बदल्यात मिलीबगच्या शत्रूंना हुसकावून लावते. उरलेल्या चिकट्यावर काळी बुरशी येते आणि घड एक्सपोर्टमधून बाद. ओळखायचं कसं? खोडावर पाच मिनिटं बसून बघा, वर जाणाऱ्या मुंग्यांचं पोट बारीक आणि खाली येणाऱ्यांचं टम्म फुगलेलं दिसलं तर वर कुठंतरी गोड मिळतंय हे नक्की.

छाटणीच्या आधीच खोडाची आणि ओलांड्याची, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांदीची, सुटलेली साल काढून घ्या, मिलीबग तिथंच लपून बसतो, ती साल बागेत टाकू नका, बाहेर नेऊन जाळा. मुंग्या अडवायची चिकट पट्टी नुसती खोडाला बांधून काही होत नाही कारण मुंग्या मांडवाच्या लोखंडी अँगलवरनं, तारेवरनं, लटकलेल्या ठिबकच्या नळीवरनं (लॅटरल) आणि वेलीला टेकलेल्या गवतावरनं वर जातात, तेव्हा आधी ते सगळे रस्ते तोडा. बागेच्या कडेची भेंडी, जास्वंद पण बघा, मिलीबग तिथं पोसला जातो.

क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची आळवणी, म्हणजे मुळाशी ओतणी, करायचा विचार असेल तर डोक्यातून काढा, आपली द्राक्षं जातात त्या युरोपनं ते 2020 मध्येच बंद केलंय आणि मालात उरणाऱ्या औषधाची (रेसिड्यूची) मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅमवर आणलीय. त्यापेक्षा आमिष लावा: 250 ग्रॅम साखर आणि 5 ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात विरघळवून एकूण 1 लिटर करा, झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या बाटल्यांत भरून खोडाजवळ सावलीत ठेवा. भोकं मुंगीपुरतीच ठेवा, मधमाशी आत जायला नको, आणि लहान पोरं, जनावरं यांच्यापासून लांब. डोस वाढवू नका, जहाल झालं की मुंगी वाटेतच मरते आणि वारुळात काहीच पोचत नाही. वेळ हीच चांगली, नवी फूट नाही म्हणजे वर गोड कमी आणि मुंगी भुकेली.

मुंग्यांची रांग तुटली की मग मिलीबग खाणारे क्रिप्टोलेमस भुंगे सोडा, हेक्टरी 5000 च्या हिशोबानं, आणि त्यानंतर कडक कीटकनाशकाचा स्प्रे नको. मजुरांना आधीच सांगून ठेवा की या भुंग्याची अळी पण पांढरी, कापसासारखी झालरवाली असते. काडीनं टोचून बघा, मिलीबग जागचा फारसा हलत नाही, ही अळी मोठी असते आणि लगेच चालू लागते, तिला चिरडू नका. मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी पिकायला लागायच्या आधी खोडं परत एकदा तपासा, रांग चालू दिसली त्या वेलीला रिबीन बांधा आणि आमिषाची बाटली तिथं नव्यानं भरून ठेवा.