कमी बजेटमध्ये एव्ही रिसीव्हर घेताय? या चुका टाळा

सांगली-मिरज-कुपवाडमध्ये घरोघरी होम थिएटर बसवून देणं आणि बंद पडलेले सेट उघडणं हे माझं रोजचं काम. त्यात एक गोष्ट सारखी दिसते. लोक आधी रिसीव्हर (टीव्ही, प्लेअरचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना ताकद देणारा डबा) घेऊन येतात आणि मग विचारतात, "दादा, आता याला स्पीकर कुठले लावू?" ही उलटी गंगा आहे. खोली केवढी, टीव्ही कुठला, स्पीकर कुठले हे आधी ठरवायचं. रिसीव्हर सगळ्यात शेवटी. पैसे मोजके असतील तर हा क्रम पाळायलाच हवा, कारण चुकलेला रिसीव्हर बदलायला खिशात परत पैसे नसतात.

खालच्या चुकांपैकी दोन मला अजिबात बघवत नाहीत, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहिलंय. बाकीच्या दोन-चार ओळींत समजण्यासारख्या आहेत.

वॅटचा आकडा बघून भुलणं

एका खोक्यावर १४५ वॅट लिहिलेलं, दुसऱ्यावर ७० वॅट. किंमत जवळजवळ सारखी. शंभरातले नव्वद जण पहिलं खोकं उचलतात, आणि दुकानदारही तेच पुढं सरकवतो.

आता त्या आकड्याखालची बारीक अक्षरं वाचा. १४५ वॅटखाली बहुतेक वेळा असं असतं: ६ ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा; ओहम कमी म्हणजे रिसीव्हरवर भार जास्त), १ किलोहर्ट्झ, एकच चॅनेल चालू, विकृती (आवाज बिघडण्याचं प्रमाण) ०.९ टक्के. म्हणजे बाकीचे सगळे स्पीकर बंद ठेवून, एकाच सुराची शिट्टी वाजवून मोजलेली ताकद. ७० वॅटखाली असतं: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू, विकृती ०.०८ टक्के. म्हणजे ढोलापासून झांजेपर्यंतच्या सगळ्या पट्टीत, दोन स्पीकर एकदम वाजत असताना, आवाज स्वच्छ ठेवून मोजलेली ताकद. दोन्ही सेट एकाच पद्धतीनं मोजले तर कित्येकदा बरोबरीला येतात. कधी कधी ७० वालाच वरचढ निघतो.

माझी सवय अशी आहे की खोक्याच्या पुढच्या बाजूचा आकडा मी वाचतच नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात "२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम, २ चॅनेल" ही ओळ शोधायची आणि तुलना फक्त त्या ओळीची करायची. ही ओळच छापलेली नसेल तर तो सेट मी कुणाला सुचवत नाही. मग सेटची पाठ बघायची. तिथल्या पट्टीवर विजेचा खप वॅटमध्ये लिहिलेला असतो. तो साधारण वापराचा आकडा असल्यामुळं काटेकोर हिशोब होत नाही, पण खप २५० वॅट आणि खोक्यावर "५ गुणिले १४५" असेल तर पाचही चॅनेल एकदम एवढी ताकद देणार नाहीत एवढं कळतं. पीएमपीओ नावाचा आकडा दिसला तर ते खोकं खाली ठेवा. तो कसा मोजायचा याचा सर्वमान्य नियमच नाही, त्यामुळं हजाराच्या पुढं काहीही छापता येतं.

आणि मुळात लागतात किती वॅट? आपल्याकडचा हॉल म्हणजे १० बाय १२, फार तर १२ बाय १५ फूट. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी दिलेली असते. समजा ८८ डेसिबल आहे. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज. सोफा आठ फुटांवर असेल तर तिथं साधारण ८० डेसिबल पोचतो, आणि भिंतींवरून परत येणारा आवाज त्यात थोडी भर घालतो. माणसं घरात बोलतात ती ६० च्या आसपास. म्हणजे एका वॅटमध्येच तुम्ही घरातल्यांना "आवाज कमी कर" म्हणायला लावलंय. सिनेमातला स्फोट किंवा ढोल-ताशाचा ठोका १५ डेसिबलनं वर उसळला तरी काम ३० वॅटच्या आसपास भागतं.

अजून एक. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. तोच ३ डेसिबलचा फायदा ८६ ऐवजी ८९ डेसिबलचे स्पीकर घेतले तर मिळतो. म्हणून मी म्हणतो, पैसा स्पीकरला घाला. ५० हजारांचं बजेट असेल तर निम्म्यापेक्षा जास्त रक्कम रिसीव्हरवर घालवू नका. सुरुवातीला समोरचे तीनच स्पीकर घ्या, पण चांगले घ्या. सबवूफर (खालचा, घुमणारा आवाज देणारा डबा) दिवाळीला येईल, मागचे दोन पुढच्या वर्षी. पण लोकांना पहिल्याच दिवशी पाचही कोपऱ्यांतून आवाज हवा असतो. त्या घाईत पाच फालतू डबे गळ्यात पडतात, आणि ते पुढं कुणी विकतही घेत नाही.

गणपतीच्या मिरवणुकीत छाती हादरवणारा आवाज ऐकून तोच घरात हवा म्हणणारी पोरं येतात. चौक भरायला लागणारी ताकद वेगळी आणि हॉल भरायला लागणारी वेगळी. घरात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संवाद स्वच्छ कळणं. ते सेंटर स्पीकरचं, म्हणजे समोरच्या तिघांतल्या मधल्याचं काम आहे, वॅटच्या आकड्याचं नाही.

सेकंडहँड सेट पाठीमागून न बघता घेणं

सेकंडहँडला माझा विरोध नाही. कमी पैशात भारी सेट हवा असेल तर तोच रस्ता आहे. पण रस्त्यात दोन खड्डे आहेत.

पहिला जपानी सेटचा. मुंबईच्या जुन्या बाजारातून जपानमध्ये वापरून झालेले रिसीव्हर येतात. दिसायला राजबिंडे, सात-सात चॅनेलचे, वजनाला चांगले, आणि किंमत नव्या साध्या सेटच्या निम्मी. ते जपानच्या १०० व्होल्ट विजेसाठी बनलेले असतात. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट.

विश्रामबागेतल्या एका पोरानं असाच सेट मागवला होता. वायरला चपटी दोन पिन होती, त्यावर विकणाऱ्यानं आपल्याकडचा अडॅप्टर बसवून दिला होता. पोराला वाटलं, पिन बसली म्हणजे झालं. त्यानं बटण दाबलं, खालून गुरगुर आली, आणि त्याची आई स्वयंपाकघरातून "काय जळतंय रे?" विचारत बाहेर येईपर्यंत हॉल धुरानं भरला होता. माझ्याकडं सेट आला तेव्हा मी झाकण काढलं. ट्रान्सफॉर्मरवरचा पिवळा कागद तपकिरी होऊन सोलला होता, प्रायमरी वाइंडिंगचं लाख वितळून खालच्या पत्र्यावर ओघळलं होतं, स्टँडबायचा छोटा बोर्ड काळाठिक्कर. पण फ्यूज कसा उडाला नाही? तो होल्डरमधून काढून बघितला तर काचेच्या नळीवरून कुणीतरी आधीच तांब्याची तार गुंडाळून ठेवली होती. म्हणजे या सेटचा फ्यूज पूर्वी कधीतरी उडाला होता आणि कारण शोधण्याऐवजी तार गुंडाळून तो विकला गेला. दोनशे रुपयांचाही नसलेला फ्यूज वाचवायच्या नादात अख्खा सेट गेला. फ्यूजला तार गुंडाळणाऱ्या माणसानं दुरुस्तीच्या धंद्यात राहू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. त्या घराला आग लागली असती.

तेव्हा पैसे देण्याआधी सेटच्या पाठीचा फोटो मागवा. पट्टीवर २३० किंवा २२०-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तरच पुढं बोला. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर विषय संपला. समोर सेट असेल तर एफएम लावून बघा: जपानी सेटची पट्टी ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन जुन्या सेटमध्ये ९० लाच संपते, आणि आपली बहुतेक स्टेशनं ९० च्या पुढं आहेत. "स्टेप-डाऊन लावून चालतो की" असं तुम्हाला सांगितलं जाईल. चालतो, पण बाजारात सहज मिळतो तो ११० व्होल्टचा. तुम्हाला हवा १०० चा, आणि तोही सेटच्या खपाच्या दुप्पट क्षमतेचा. त्याची किंमत, त्याची गुणगुण आणि घरातल्या कुणीतरी एक दिवस सेट थेट भिंतीत लावण्याची भीती धरली तर स्वस्ताई उरत नाही. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या १२० व्होल्टच्या सेटचंही तेच.

दुसरा खड्डा पुराचा. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी घराघरांत, दुकानांत शिरलं. पाण्यात गेलेले सेट धुऊन, उन्हात वाळवून चालू होतात, आणि मग हात बदलत बाजारात फिरतात. ते काही महिने चांगले वाजतात. मग रिले अडकायला लागतात, एक चॅनेल जातो, एचडीएमआय लागतं-जातं. ओळखायचं कसं? मोबाइलचा टॉर्च वरच्या जाळीतून आत मारा. नेहमीची धूळ राखाडी आणि भुसभुशीत असते, फुंकर मारली की उडते. पुराचा गाळ तपकिरी, पातळ आणि चिकटून बसलेला असतो, हीटसिंकच्या पाकळ्यांमध्ये खालच्या बाजूला त्याची रेघ दिसते. ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांवर तांबूस गंज, स्क्रूच्या डोक्यावर पांढरी-हिरवी बुरशी, एचडीएमआयच्या तोंडात काळपटपणा यातलं काहीही दिसलं तर पाच हजारांतही घेऊ नका.

चांगला दिसणारा सेटही अर्धा तास वाजवूनच घ्या. स्वतःचा एक स्पीकर घेऊन जा आणि प्रत्येक चॅनेलला लावून बघा. विकणारा कंटाळतो. कंटाळू दे.

जुन्या होम थिएटरचे डबे नव्या रिसीव्हरला जोडणं

डीव्हीडीवाल्या जुन्या सेटचे छोटे स्पीकर कित्येक घरांत पडून असतात. मागं बघा, अनेकांवर ३ ओहम लिहिलेलं असतं. स्वस्त रिसीव्हर ६ ओहमपासून पुढच्यासाठी बनलेला असतो. जोडले तर हळू आवाजात वाजतील, पण सिनेमा रंगात आला की रिसीव्हर तापून प्रोटेक्शनमध्ये जाईल आणि बंद पडेल. (हळू आवाजातही सेट लगेच बंद होत असेल तर आधी वायरीची टोकं तपासा. एखादा सुटा तांब्याचा केस शेजारच्या पिनला लागलेला असतो.)

त्या सेटचा सबवूफरही चालत नाही. रिसीव्हरच्या मागं सबवूफरचं जे भोक असतं त्यातून फक्त सिग्नल येतो, ताकद येत नाही. स्वतःचा अँप्लिफायर असलेला, म्हणजे भिंतीत पिन लावायचा ॲक्टिव्ह सबवूफरच लागतो. "सब वाजतच नाही" म्हणून मला बोलावतात, त्यात हे कारण सगळ्यात जास्त.

टीव्हीची पाठ न बघणं

तुमच्या टीव्हीला एआरसी (एचडीएमआय वायरीतूनच टीव्हीचा आवाज रिसीव्हरला परत पाठवायची सोय) आहे का बघा. त्यासाठीचं एचडीएमआय भोक ठरलेलं असतं आणि त्यावर तसं लिहिलेलं असतं. टीव्हीवर ओटीटी बघणाऱ्यांना साधा एआरसी पुरतो. ओटीटीवरचा ॲटमॉससुद्धा (डॉल्बीचा, डोक्यावरूनही आवाज आल्यासारखा वाटणारा प्रकार) त्यातून जातो, रिसीव्हरला ॲटमॉस येत असेल तर. ईएआरसी, म्हणजे एआरसीची पुढची आवृत्ती, लागतो तो ब्लू-रेचा न दाबलेला आवाज टीव्हीमधून रिसीव्हरला पाठवायचा असेल तर. ब्लू-रे प्लेअर नसताना त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. ऑप्टिकल वायरीतून डॉल्बी डिजिटल ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) जातं, त्यापुढचं नाही.

जुना रिसीव्हर घेतला आणि त्यातून फोर-के स्टिक जोडली की चित्र काळं होतं किंवा फोर-के येत नाही. त्याला एचडीसीपी २.२ (फोर-के चित्राची कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप) येत नसतं. सेट बिघडलेला नाही. स्टिक थेट टीव्हीला लावा आणि आवाज एआरसीनं परत आणा.

काचेच्या कपाटात कोंडणं

सुतारानं टीव्ही युनिट सुंदर केलंय म्हणून रिसीव्हर दारामागं बंद करायचा नाही. आपला एप्रिल-मे आठवा. वर किमान चार इंच मोकळे, पाठ उघडी. वर सेटटॉप बॉक्स, वाय-फाय, फुलदाणी काहीही नको. या एका गोष्टीवर मी गिऱ्हाइकाशी भांडतो.

गावभागातल्या वाड्यात कौलारू छत असेल तर वर आवाज फेकणारे ॲटमॉस स्पीकर घेऊ नका. त्यांना सपाट, कडक स्लॅब लागतो. ७.२ चा मोहही सोडा, १० बाय १२ ला ५.१ भरपूर झालं. वायर म्हणाल तर "स्पीकर वायर" म्हणून विकतात त्यातली पुष्कळशी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. इलेक्ट्रिकच्या दुकानातली १.५ चौरस मिलिमीटरची चांगल्या कंपनीची तांब्याची वायर घ्या.

माइक खोक्यातच ठेवून देणं

बहुतेक रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. यामाहाचं वायपाओ, डेनॉनचं ऑडिसी, सोनीचं डीसीएसी ही सगळी त्या माइकनं खोली मोजण्याची सोय आहे. दहा मिनिटांचं काम, तरी निम्मी घरं ते करत नाहीत आणि मग "पैसे वाया गेले" म्हणतात. पंखा बंद, टीव्ही बंद, स्वयंपाकघरात शिट्टी होऊ द्यायची नाही. माइक सोफ्यावर टेकवायचा नाही; ट्रायपॉडवर, बसल्यावर कान येतो त्या उंचीला ठेवायचा. सेकंडहँड सेट घेताना माइक मागून घ्या. एका कंपनीचा दुसरीला चालवू नका, मोजमाप चुकतं.

मोजणी झाली की सेटिंगमध्ये जाऊन स्पीकर "स्मॉल" आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडं वळवतात ती सीमा) ८० हर्ट्झ आहे का बघा. छोट्या स्पीकरना मशीन कधी कधी "लार्ज" ठरवतं, मग त्यांचा खालचा आवाज सबकडं जातच नाही.

एवढं करूनही मागचे स्पीकर गप्प असतील तर रिसीव्हर उचलून दुकानात नेऊ नका. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट बहुतेकदा पीसीएमवर (तिथून सहसा दोनच चॅनेलचा आवाज निघतो) असतं, ते ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू करा, आणि सीईसी (एचडीएमआयवरून टीव्ही आणि रिसीव्हरला एकमेकांशी बोलू देणारी सोय) चालू करा. मग ५.१ आवाज असलेला सिनेमा लावून बघा. मालिका आणि बातम्यांचे चॅनेल बहुतेक स्टिरिओतच येतात, तिथं मागचे दोन शांतच राहणार.