दुरु भाषांचा फॅमिली ट्री काढताय? आधी पेन्सिल घ्या

डेक्कन कॉलेज किंवा विद्यापीठात लिंग्विस्टिक्स करताय आणि सेमिनारला दुरु ग्रुप (आफ्रिकेतल्या काही भाषांचा गट) आलाय, तर नेटवरचा रेडिमेड ट्री उचलून पीपीटीत चिकटवू नका. दोन साइटवर दोन वेगळे ट्री सापडतात आणि सर पहिला प्रश्न त्यावरच टाकतात.

सुरुवात खालून करा. उत्तर कॅमेरून आणि पूर्व नायजेरिया, तिथल्या भाषा आधी लिहून काढा: दी, दुपा, डोवायो, लोंगतो, वेरे, कोमा, पेरे वगैरे. प्रत्येकीसमोर तिची दुसरी नावंपण टाका, कारण दी म्हणजेच जुन्या पुस्तकांतली दुरु, लोंगतो म्हणजे वोको, पेरे म्हणजे कुतिन, आणि हे नाही केलं तर एकच भाषा दोनदा मोजली जाते.

मग प्रत्येक फांदीवर कुणी आणि कधी ते लिहा, हे काम कंटाळवाणं आहे पण खरी मजा इथेच आहे. अडामावा म्हणजे नायजर-काँगो या आफ्रिकेतल्या मोठ्या भाषाकुळाची फांदी, दुरु तिच्यातच धरतात. भाषाशास्त्रज्ञ ग्रीनबर्गनं 1963 च्या पुस्तकात अडामावाचे 14 गट पाडले आणि त्यांना नुसते नंबर दिले (जी म्हणजे ग्रुप), त्यात वेरे-दुरु जी 4, सांबा लेको जी 2 आणि सांबा डाका जी 3. आता लेको आणि डाका दोन्ही बोलणारे स्वतःला सांबाच म्हणवतात, म्हणून भाषापण जवळच्या असतील असं वाटतं ना, तर 1983 मध्ये बेनेट या अभ्यासकानं डाकाला अडामावातून काढून बेनुए-काँगोत, म्हणजे नायजर-काँगोच्याच दुसऱ्या फांदीत, नेलं आणि पुढे ते बऱ्यापैकी मान्य झालं. लेको मात्र दुरुच्या शेजारीच राहिली, क्लाइनेविलिंगहोफर हा अभ्यासक तर सांबा-दुरु असा एकत्र गटच धरतो. म्हणजे जमातीच्या नावावरून फांदी काढायची नाही.

शब्दांची तुलना करताना आधी नामाच्या शेवटचे क्लासचे प्रत्यय (नाम कुठल्या वर्गातलं ते दाखवणारे) बाजूला काढा. बांटूत (स्वाहिली वगैरे) हे प्रत्यय शब्दाच्या सुरुवातीला लागतात, इथे शेवटी, काही भाषांत अजून जिवंत आहेत आणि काहींत नुसते अवशेष, त्यामुळे ते न काढता मूळ शब्द जुळवायला गेलात की सगळं भलतंच दिसतं. उसने शब्दही वगळा. या भागात फुलफुल्देचा (फुलानी लोकांची भाषा) जोर आहे, आणि ती स्वतःच नायजर-काँगोमधली, अटलांटिक फांदीतली, त्यामुळे उसना शब्द वारशातला वाटायचा धोका जास्त. आपल्याकडचे कागद, बाजार, तारीख बघून कुणी मराठीला फारसीची बहीण ठरवेल, तसंच होईल ते. क्प, ग्ब सारख्या आवाजांवर तर अजिबात भिस्त ठेवू नका, ते त्या सगळ्या पट्ट्यात, फॅमिली कुठलीही असो, पसरलेत.

शेवटी रेघा. दुरुमधल्या भाषांचं आपसातलं नातं आणि लेकोशी जवळीक पक्क्या रेघेनं, नायजर-काँगोपण पक्क्या रेघेनं. मधला अडामावा तुटक रेघेनं काढा, कारण त्याचे सगळे गट मिळून एकच फांदी होते हे आज बरेच जण मानत नाहीत, आणि गुर या नायजर-काँगोच्या आणखी एका गटातल्या भाषांशी त्याची सीमा कुठे संपते तेही वादातच आहे. जुन्या पुस्तकात अडामावा-ईस्टर्न, नंतर अडामावा-उबांगी दिसलं तर गोंधळू नका, नाव बदललं होतं. सरांनी विचारलं की मधे तुटक का, तर बेनेटचं उदाहरण द्या, अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.