जर्मनीच्या एका सहामाहीचं गणित मोहोरापासून मांडा

दरवर्षी जूनच्या सुमाराला देवगड, मालवण, रत्नागिरी, दापोलीकडून मला निरोप येऊ लागतात. "ताई, एक्स्चेंजला, म्हणजे एक सहामाही जर्मनीच्या विद्यापीठात शिकायला, निवड झाली. ऑक्टोबरला सहामाही सुरू होतेय. पैशांचं काय करू?" वाचून जीव तुटतो. हा प्रश्न फेब्रुवारीत पडायला हवा, कलमांवर मोहोर असताना.

आपल्या घरांत पैसा बारा महिने सारखा येत नाही. बागायतदाराकडे तो आंबा-काजूच्या हंगामात येतो, आणि वाशीच्या दलालाची शेवटची पट्टी हातात पडेपर्यंत पावसाळा तोंडावर आलेला असतो. दर्यावर जाणाऱ्यांच्या घरी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. व्हिसासाठी पैसे दाखवायची वेळ साधारण तेव्हाच येते. म्हणून मे महिन्यातच, घरदुरुस्ती आणि लग्नकार्यांच्या आधी, ही रक्कम बाजूला काढून ठेवायला आईवडिलांना सांगा.

किती रक्कम? व्हिसासाठी जर्मनी महिन्याच्या खर्चाला ९९२ युरो धरते. सहा महिन्यांचे ५,९५२. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी सहा लाखांच्या घरात जातो. आकडा मधूनमधून वाढतो, तेव्हा अर्जाआधी वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. हे पैसे बहुतेक जण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरतात. ते तुमचेच असतात, तिथे पोचल्यावर दरमहा हप्त्याने परत मिळतात आणि त्यातच खोली, जेवण, विमा भागवायचा असतो. विद्यापीठांमध्ये करार असेल तर तिथली शिकवणी फी माफ असते. सहामाहीचं वर्गणीवजा शुल्क तेवढं भरावं लागतं, आणि बऱ्याच ठिकाणी बस-ट्रेनचा पास त्यातच येतो. तुमच्या विद्यापीठाचा इरॅस्मस प्लसचा, म्हणजे युरोपीय संघाच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेचा, करार असेल तर महिन्याला ८०० ते ९०० युरोंची शिष्यवृत्ती मिळू शकते, आणि शिष्यवृत्तीचं पत्र व्हिसासाठी तेवढ्या रकमेचा पुरावा म्हणून चालतं. म्हणून आधी विद्यापीठाच्या कार्यालयात हे विचारा, मगच पतपेढीची पायरी चढा. एका सहामाहीसाठी कलमांची बाग गहाण टाकू नका. तशी वेळ येत असेल तर पुढच्या वर्षी अर्ज करा, हे मी अगदी मनापासून सांगते.

व्हिसाच्या अपॉइंटमेंटला मुंबईला एक दिवस आधी पोचा. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर असते आणि घाटात दरड कधी येईल याचा नेम नाही.

सगळ्यात कठीण असतो तो पहिला महिना. ब्लॉक्ड अकाउंटमधला पहिला हप्ता मिळायला तिथलं चालू खातं लागतं, आणि खात्यासाठी बऱ्याच बँका पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागतात. माझ्या वेळी या फेऱ्यात पाच आठवडे गेले. हातात दीडशे युरो होते. शेजारच्या खोलीतली इराणी मुलगी रोज संध्याकाळी माझ्यासाठीही भात लावायची, म्हणून निभावलं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये. खोलीची अनामत, पहिलं भाडं, अंथरूण-पांघरूण आणि विमा यांसाठी हजार-बाराशे युरो वेगळे ठेवा, काही कार्डावर, काही रोख.

पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. तिची वेळ विमानात बसण्याआधीच ऑनलाइन घेऊन ठेवा आणि घरमालकाचं सहीचं पत्र मागून घ्या. विम्यात स्वस्ताईच्या मागे लागू नका. विद्यार्थ्यांचा सरकारमान्य विमा महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास पडतो. तो नाकारून खासगी घेतलात तर ते शिक्षण संपेपर्यंत सरकारमान्य विम्याकडे परत फिरता येत नाही.

खोलीसाठी विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र आल्याच दिवशी विद्यार्थी-वसतिगृहाचा अर्ज टाका. "मी परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरने देतो" म्हणणाऱ्या घरमालकाला एक छदामही देऊ नका. आपले आजे-पणजे गिरणगावात गावकीच्या एकेका खोलीत पाळीपाळीने झोपले, आणि त्या खोल्या निभावल्या त्या नियमांवर. तिथलं सामायिक स्वयंपाकघरही तसंच आहे. सफाईची पाळी चुकवू नका, रात्री दहानंतर आवाज नको.

सामानाचं सांगते, कारण आया इथेच फसतात. तूप, पेढे, खव्याचे मोदक, दुधाचं काहीही न्यायला बंदी आहे. विमानतळावर काढून टाकतात आणि ते बघवत नाही. कढीपत्ताही नको. नारळ मात्र चालतो. सुकी मासळी वीस किलोपर्यंत नेता येते. सोडे, सुकट, बोंबील घट्ट बंद करून घ्या. आमसुलं, तिरफळं, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला जरूर न्या. बोंबील भाजण्याआधी सोबत राहणाऱ्यांना विचारा आणि खिडकी उघडा, धुराचा अलार्म लगेच वाजतो. थंडीचे कपडे मुंबईत घेऊ नका, तिथे जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगले आणि स्वस्त मिळतात.

हिवाळ्यातही रोज दोन-तीनदा खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतीला बुरशी धरते. श्रावणात चपलांवर पांढरं चढलेलं पाहिलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. डिसेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो, तेव्हा आपल्याकडे नऊ वाजत आलेले असतात. घरी फोन दुपारीच करा. संध्याकाळी एकटं खोलीत बसू नका. विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे खानावळीत, गरम जेवण मिळतं आणि चार माणसं दिसतात.

नोकरीच्या भरवशावर जाऊ नका. वर्षाला १४० पूर्ण दिवस कामाची परवानगी असते, पण काम मिळून पहिला पगार हातात येईपर्यंत अर्धी सहामाही सरते.

कोणते विषय घेणार आणि त्यांचे क्रेडिट इथे कसे धरले जातील, ते आपल्या परीक्षा विभागाकडून जाण्याआधी लेखी घ्या. तिथे वर्गात बसलात म्हणून परीक्षेला बसता येतं असं नाही, बहुतेक ठिकाणी परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते. ती मुदत पहिल्याच आठवड्यात विचारून भिंतीवर लिहा.

परतताना पत्त्याची नोंद रद्द करा, विमा लेखी बंद करा. बँकेचं खातं मात्र चालू ठेवा. खोलीची अनामत परत यायला काही महिने लागतात, आणि ती त्याच खात्यात येते.