कोकणात माउंटन बाइक रेसची सुरुवात: या चुका टाळा

पहिली चूक सायकलवर बसण्याआधीच होते. टायरच्या कडेला ‘कमाल ६५ पीएसआय’ (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) असं छापलेलं दिसतं आणि पंक्चरवाल्याकडून तेवढी हवा ठासून भरली जाते. तो आकडा टायर किती सोसेल याची मर्यादा सांगतो, चालवायची हवा नव्हे. असा दगडासारखा टायर सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळी पठाराच्या, खडबडीत दगडावर उसळत राहतो. जांभ्याच्या सुट्या खड्यांवर तर वळणात पुढचं चाक बाजूला निघून जातं, कारण जमिनीला टेकणारा भागच कमी उरलेला असतो.

७० किलोच्या स्वाराने २९ इंची चाक, २.२५ इंची टायर आणि आत ट्यूब असेल तर पुढे २६ ते २८ आणि मागे २८ ते ३० पीएसआयपासून सुरुवात करावी. ट्यूबलेसला दोन्हीकडे ४-५ पीएसआय कमी. मग सरावाच्या वाटेचा एकच अर्धा किलोमीटरचा तुकडा निवडून दर वेळी २ पीएसआय उतरवत तोच पुन्हा चालवा. रिम दगडावर ‘टक्’ वाजली की २ पीएसआय परत भरा. तुमचा आकडा तोच. मोजायला छोटा डिजिटल गेज घ्या, मोठ्या पंपावरचा काटा इतक्या कमी दाबाला भरवशाचा नसतो. हवा सावलीत मोजून सायकल स्टार्टपर्यंत उन्हात उभी ठेवली आणि टायर वीसेक अंशांनी तापले, तर दाब २ ते ३ पीएसआयने चढतो. म्हणून शेवटचं मोजमाप स्टार्टच्या आधी पुन्हा करा.

पंक्चर झालं तर पॅच लावण्याआधी भोक बघा. शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि ट्यूब रिम व दगडाच्या मध्ये चेपली. एकच बारीक भोक असेल तर काटा, बहुतेक करवंदीचा किंवा बोरीचा, आणि तो अजून टायरमध्येच असतो. टायरच्या आतून जपून बोट फिरवून तो काढल्याशिवाय नवी ट्यूब टाकली तर शंभर पावलांत तीही जाईल. ट्यूबलेस असेल तर २९ इंची चाकात साधारण १०० मिली सीलंट (बारीक भोकं आतून बुजवणारा द्रव) घाला आणि दर दोन महिन्यांनी उघडून बघा. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं.

ब्रेकच्या चुका त्याहून महागात पडतात. खाऱ्या दमट हवेत चेनला गंज धरतो, म्हणून गंज काढायचा स्प्रे सढळ हाताने मारला जातो. त्याचे तुषार डिस्क ब्रेकच्या रोटरवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर) बसतात, तिला दाबणारे पॅड तेल पितात आणि उतारावर ब्रेक किंचाळू लागतो पण धरत नाही. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पॅडचा वरचा थर पॉलिश पेपरवर घासून काढा. तरीही आवाज आला तर पॅड बदला, तेल प्यायलेला पॅड पूर्ववत होत नाही. चेनला तेल थेंबाथेंबाने द्यायचं, प्रत्येक कडीला एक, आणि दहा मिनिटांनी वरचं सगळं फडक्याने पुसायचं. जुनं इंजिन ऑईल नकोच, तांबडी धूळ त्यात मिसळून दातचक्रांचे दात घासून काढते.

पावसात लाल चिखल ऑर्गॅनिक (म्हणजे रेझिनचे) पॅड झपाट्याने खातो. धातूमिश्रित पॅड जास्त टिकतात, पण आधी रोटर बघा: स्वस्त सायकलींच्या रोटरवर बऱ्याचदा ‘फक्त रेझिन पॅड’ असं कोरलेलं असतं, आणि त्यावर धातूचे पॅड लावले तर रोटरच झिजतो. नवे पॅड बसवल्यावर वेगातून चालण्याच्या गतीपर्यंत वीसेक वेळा, चाक लॉक न करता, ब्रेक दाबून घ्या. हे न करता रेसला उतरणं म्हणजे पहिल्या लॅपला अर्ध्या ब्रेकवर चालवणं.

चालवताना ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत लावायचा. वळणात लावला की खड्यांवर चाक सुटतं. शेवाळ धरलेली पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) किंवा सावलीतला ओला चिरा आला तर ब्रेक, पॅडल आणि हँडल तिन्ही शांत ठेवून सरळ जाऊ द्या. आंबा-काजूच्या बागेत पालापाचोळ्याखाली मुळं आणि खड्डे लपलेले असतात, त्यांची पाहणी चालत करा.

गिअर उडत असतील तर बॅरल अ‍ॅडजस्टरला (केबलचा ताण बदलणाऱ्या फिरकीला) हात लावण्याआधी मागून हँगर, म्हणजे मागचा डिरेलर ज्यावर बसतो तो धातूचा तुकडा, सरळ आहे का ते बघा. एका पडण्यात तो वाकतो. तुमच्याच मॉडेलचा जादा हँगर पिशवीत ठेवा, तालुक्याच्या गावात ऐनवेळी तो मिळणार नाही. हँगर ठीक असूनही चेन मोठ्या दातचक्रावर चढायला कुरकुरत असेल तर अ‍ॅडजस्टर घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवा. लहान चक्रावर उतरायला आळस करत असेल तर केबलच्या बाहेरच्या नळीत गंज धरलेला असण्याची शक्यता मोठी. आतली केबल आणि बाहेरची नळी दोन्ही बदला, खर्च फार नाही.

पाण्याचं गणित इथे वेगळं आहे. दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही आणि मीठ मात्र वाहून जातं. तासाला ५०० ते ७५० मिली, तेही तहान लागण्याआधी घोट घोट प्या. एक लिटर पाण्यात पाव चहाचा चमचा मीठ, चार मोठे चमचे साखर आणि लिंबू किंवा कोकम आगळ पुरतं. आगळ खारवलेलं असेल तर मीठ कमी करा. हे मिश्रण सरावातच पोटाला पचतंय का पाहा, रेसच्या सकाळी नवीन काही नको.

क्रॉस-कंट्री हा प्रकार १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. त्यात एकाच वाटेच्या अनेक लॅप असतात आणि पुढे अरुंद वाटेवर ओलांडायला जागा नसते, म्हणून सगळे सुरुवातीला सुसाट सुटतात. नवख्याने त्यांच्या मागे लागू नये. पहिल्या पाच मिनिटांत तोंडातून शब्द निघेनासा झाला तर पुढच्या चढाला पाय जड होणार. मोठ्या स्पर्धांत सर्वात पुढे असलेल्या स्वाराच्या पहिल्या लॅपच्या वेळेच्या ८० टक्के इतके मागे पडलेल्यांना थांबवतात. तुमच्या स्पर्धेत तो नियम आहे का ते आयोजकांना आधी विचारा.

रेसच्या आदल्या दिवशी दोन लॅप सावकाश मारा आणि तीन अवघड जागांवर उतरून चाक कुठून न्यायचं ते ठरवा. सराव सड्यावर करायचा असेल तर रुळलेल्या पायवाटेवरच करा. रत्नागिरी, राजापूर परिसरातल्या सड्यांवर हजारो वर्षांची कातळशिल्पं आहेत, गवतात ती नजरेलाही पडत नाहीत. टायरने झिजलेली रेघ पुन्हा कोरता येत नाही.

समुद्रावर वाळूत सराव केला तर त्याच दिवशी सायकल गोड्या पाण्याने धुवा. पाण्याचा जोराचा फवारा हब, हेडसेट (हँडल फिरतं तो सांधा) आणि क्रँकच्या बेअरिंगवर नको, बादली आणि ब्रश पुरे. मग चेन फडक्याने कोरडी करून तेल द्या. खारं पाणी एक रात्र राहिलं तर सकाळी कड्यांवर तांबूस थर दिसतो.