स्क्रीम शिकताना घसा का बसतो? या चुका टाळा

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पुण्यात कुणालाही फोन करा, पलीकडून घोगरा आवाज येतो. रात्रभर 'मोरया'च्या आरोळ्या दिल्यावर स्वरतंतू एकमेकांवर आपटून सुजतात आणि घसा बसतो. मेटल संगीतातला स्क्रीम, म्हणजे खरखरीत, गुरगुरत्या आवाजातलं गाणं, शिकायला लागलेली मुलंमुली पहिले काही महिने नेमकं हेच करतात. मिरवणूक निदान वर्षातून एकदा असते, बँडचा जॅम, म्हणजे एकत्र सराव, आठवड्यातून तीनदा.

मीही १९व्या वर्षी तेच केलं. कॉलेजच्या फेस्टमध्ये ४० मिनिटांचा सेट नुसत्या जोरावर ओढला आणि पुढचे ११ दिवस मला आईशीही धड बोलता येत नव्हतं. ती भीती अजून अंगात आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी आवाज कुठून निघतो ते समजून घ्या

खऱ्या स्वरतंतूंच्या जरा वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते. त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. बोलताना त्या बाजूला असतात. जड पिंप उचलताना किंवा खोकताना जवळ येतात. 'फॉल्स कॉर्ड' पद्धतीच्या स्क्रीममध्ये हवेच्या झोतानं याच घड्या थरथरतात. रशियातल्या तुवा प्रदेशातली कारगिरा ही खर्जातली कंठगायकीही याच घड्यांवर चालते, म्हणजे यात अघोरी असं काही नाही. दुसरी पद्धत 'फ्राय'. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिला 'हं' बिजागरीसारखा करकरतो ना, त्या करकरीवर ती उभी राहते.

२०२२ मध्ये लॉर्ना शोर या मेटल बँडचा गायक विल रामोस यानं घशात कॅमेरा घालून स्क्रीम करून दाखवले. स्वरतंतूंच्या वरचा सगळा भाग कसा हलतो, आवळतो, थरथरतो ते त्यात दिसतं. शिकणाऱ्यानं ते एकदा तरी बघावं. खरखर वर तयार होते आणि खालच्या खऱ्या स्वरतंतूंना जपायचं असतं, हे डोळ्यांना पटलं की पुढच्या बहुतेक चुका आपोआप लक्षात येतात.

सगळ्यात मोठी चूक: जोर लावणं

रेकॉर्डवर स्क्रीम प्रचंड वाटतो, म्हणून तो प्रचंड जोरानं काढायचा असतो असा समज होतो. चांगल्या स्क्रीमरच्या शेजारी माइकशिवाय उभं राहून ऐका. बऱ्याचदा आवाज मोठ्यानं बोलण्याइतकाच असतो. मोठा करायचं काम माइक, कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार सारखे करणारं यंत्र) आणि स्पीकरचं आहे.

सुरुवात उसाशानं करा. दमून खुर्चीत बसताना 'हाऽऽ' निघतो, तसा. गळा मोकळा ठेवून त्या उसाशाला थोडं वजन द्या. मध्येच कुठेतरी कुत्र्याच्या गुरगुरण्यासारखी खरखर लागते. लागली की थांबा, पुन्हा उसासा, पुन्हा खरखर. पहिले दोन आठवडे एवढंच, दिवसाला १० ते १५ मिनिटं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता मला माहीत नाही. खरखरीच्या खाली ताणलेला, वर चढलेला सूर ऐकू येत असेल, तर तुम्ही स्क्रीम करत नाही, ओरडताय.

याची उलटी बाजू फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची. शेजारी काय म्हणतील या धास्तीनं मुलं श्वासच कोंडून धरतात आणि गळा आवळून कुजबुजता स्क्रीम काढतात. हळू आवाजात सराव करायला हरकत नाही, हवा अडवायला आहे. इतकी धास्ती असेल तर काचा लावून पार्किंगमधल्या गाडीत बसा. मी बरीच वर्षं तिथेच सराव केला.

श्वास: जास्त हवा हीसुद्धा चूकच

'पोटातून श्वास घे' हे सगळेच सांगतात. सोडायचा कसा, हे फारसं कुणी सांगत नाही. नवशिका छाती भरून घेतो आणि पहिल्याच शब्दावर सगळी हवा फेकतो. घसा कोरडा पडतो, गुदगुल्या होतात, खोकल्याची उबळ येते. दातांतून 'स्स्स' असा आवाज एकसारख्या धारेनं २०-२५ सेकंद काढा. धार शेवटपर्यंत सारखी राहिली पाहिजे, खांदे वर जाता कामा नयेत. ज्यांनी लहानपणी शास्त्रीय संगीताच्या क्लासमध्ये खर्जाचा रियाज केलाय, त्यांना हे चटकन जमतं. त्यांनी ती शिदोरी टाकून देऊ नये.

खरं नुकसान होतं ते ओळीच्या शेवटी. हवा संपलेली असते, दोन शब्द उरलेले असतात, मग गळा पिळून ते बाहेर काढले जातात. गाण्याच्या कागदावर श्वासाच्या जागा पेन्सिलीनं खुणा करून ठरवा. ओळ बसत नसेल तर शब्द कापा.

गळा, जबडा, जीभ

आरशासमोर सराव करा. मानेच्या शिरा टरारून फुगल्या, हनुवटी पुढे आली, की काहीतरी आवळलं गेलंय. ग्रोल, म्हणजे खालचा, जड स्क्रीम, हवा म्हणून बरेच जण गळा खाली दाबतात. त्याऐवजी तोंडाचा आकार बदला: ओठ 'ऊ' किंवा 'ऑ'सारखे गोल केले की तीच खरखर खोल ऐकू येते, 'ए'सारखे पसरले की वर चढते.

इथे मराठीचा एक खरा उपयोग आहे. 'आ', 'ए' अशा नुसत्या स्वरानं सुरुवात केली की स्वरतंतू खटकन आपटायची शक्यता असते. घ, ढ, भ या अक्षरांबरोबर हवेचा झोत आपसूक येतो. 'घर', 'ढग', 'भोवरा' हे शब्द स्क्रीममध्ये म्हणून बघा, सुरुवात किती मऊ होते ते कळेल. मी आता वॉर्म-अप याच शब्दांवर करतो.

रेकॉर्डची नक्कल

स्टुडिओत एका ओळीवर अनेकदा दोन-तीन थर चढवलेले असतात: एक वरचा, एक खालचा. ऐकणाऱ्याला तो एकच घसा वाटतो आणि तो तसाच काढायला जातो. आवडता गायक ऐका, पण त्याचा एकटा, लाइव्ह आवाज शोधून ऐका.

मुलींना अजूनही 'हे तुमच्या आवाजात बसत नाही' असं सांगणारे भेटतात. त्यांना अँजेला गोसोव ऐकवा. २००० साली ती आर्च एनिमी या मेटल बँडमध्ये आली आणि तिचा ग्रोल ऐकून गाणारी बाई आहे हे अनेकांना ओळखता आलं नाही. खरखर घड्यांतून येते, त्यामुळे मूळ आवाज बारीक की जाड याला फार महत्त्व उरत नाही.

श्वास आत ओढत काढलेल्या स्क्रीमपासून सुरुवात करू नका. तो पटकन जमतो म्हणून मोह होतो, पण घसा कोरडा करतो आणि ताबा शिकवत नाही.

माइक मुठीत धरणं

जाळी मुठीत धरली की आवाज जड झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात समोरून ऐकणारा माइक सगळीकडून ऐकायला लागतो, शिट्टी मारतो आणि शब्द गढूळ होतात. साउंड इंजिनिअर आवाज खाली घेतो, स्वतःचा आवाज ऐकू येईनासा होतो, मग आपण जोर लावतो. म्हणजे फिरून पुन्हा पहिल्या चुकीवर. माइक दांड्याला धरा आणि साउंडचेकला मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, स्वतःचा आवाज मागून घ्या. मागायला लाजू नका.

घसा बिघडल्यावर

मध, ज्येष्ठमध, हळदीच्या गुळण्या यांनी घशाला बरं वाटतं, पण गिळलेलं काहीच स्वरतंतूंपर्यंत जात नाही. गेलं तर ठसका लागतो. वाफ मात्र पोचते. पाणी दिवसभर प्या. स्टेजवर प्यायलेल्या घोटानं तोंड ओलं होतं, एवढंच. घसा बधिर करणारे स्प्रे मारून गाऊ नका, दुखणं हीच तुमची सूचना आहे. गिगच्या (कार्यक्रमाच्या) तासभर आधी तेलकट वडापावही नको, आम्ल वर आलं की स्वरयंत्राची जळजळ होते. आणि आवाज बसल्यावर कुजबुजू नका, त्यानं अनेकांच्या घशावर उलट ताण येतो. गप्प राहा.

सुरुवातीला थोडी गुदगुली चालते. दुखलं की त्या दिवसाचा सराव संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी एखादी अंगाई अगदी हळू आवाजात, वरच्या पट्टीत गाऊन बघा. काल लागत होता तो सूर आज फुटत असेल, नुसती हवा येत असेल, तर सूज आहे. तो परत लागेपर्यंत स्क्रीम बंद.

घोगरेपणा तीन आठवड्यांपुढे गेला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन दुर्बिणीनं स्वरतंतू तपासून घ्या. गाता गाता आवाज एकदम गेला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी जा. डॉक्टरांना स्क्रीम करता हे स्पष्ट सांगा, आणि मोबाइलमधलं स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकवा.