चिऱ्याच्या घरातलं वायफाय: दोष लाईनीत की भिंतीत?

नेट हळू झालं की पहिला फोन केबलवाल्याला जातो. तो राउटर बंद-चालू करायला सांगतो, थोडा वेळ बरं चालतं आणि संध्याकाळी व्हिडिओ पुन्हा अडकतो. हा फेरा मोडायचा असेल तर आधी एकाच प्रश्नाचं उत्तर काढा: घरापर्यंत येणारी लाईन हळू आहे, की लाईन चांगली असून घरात वायफाय पोचत नाही? फोनवर दोन्ही सारखंच दिसतं, पण एकाचा इलाज बाहेर खांबावर आहे आणि दुसऱ्याचा माजघरात.

लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा, त्याचं वायफाय बंद करा, घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही पाच मिनिटं नेटवरून काढा आणि स्पीड टेस्ट तीनदा घ्या. लॅपटॉप नसेल तर फोन राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या (जलद पट्ट्याच्या) वायफायला जोडा आणि राउटरपासून दोन मीटरवर, मध्ये भिंत येणार नाही असे उभे राहा. सकाळी सहाला आणि रात्री नऊला, असं तीन दिवस करून आकडे वहीत लिहून ठेवा. सकाळी पूर्ण आणि रात्री निम्मा स्पीड मिळत असेल तर बहुधा एकाच लाईनीवर गिऱ्हाईकं जास्त झाली आहेत. घरात काही बदलून उपयोग नाही. महिनाअखेरीस आकडा एकदम घसरून तिथेच थांबत असेल तर प्लॅनची डेटा मर्यादा संपली का ते पाहा.

आकडा वाचताना एक गफलत नेहमी होते. प्लॅनवरचे १०० एमबीपीएस हे मेगाबिट असतात, तर फाईल उतरताना दिसतात ते मेगाबाइट. १०० ला ८ ने भागा, १२.५ येतात. म्हणजे सेकंदाला ११-१२ मेगाबाइट उतरत असतील तर तुम्हाला पूर्ण स्पीड मिळतोय.

प्लॅन २०० किंवा ३०० चा असून केबलवरची टेस्ट दर वेळी ९४-९५ वर अडत असेल तर संशय केबलवर किंवा पोर्टवर घ्या. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात, १०० ला चारच पुरतात. उरलेल्या चारांतली एक तार जरी तुटली तरी जोडणी बहुधा गुपचूप १०० वर उतरते आणि कुठलाही दिवा लाल होत नाही. काही स्वस्त राउटरचे पोर्ट मुळात १०० चेच असतात, ते खोक्यावर वाचा. केबलचं टोक काढून उजेडात धरा: पारदर्शक प्लास्टिकमध्ये आठ बारीक सोनेरी दात दिसतील. किनाऱ्यालगतच्या घरात वर्ष-दोन वर्षांत त्यांच्या टोकांना हिरवट थर चढलेला सापडतो. ती खाऱ्या हवेची करणी. नुसती धूळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा. हिरवं झालं असेल तर घासत बसू नका, चार बोटं केबल कापून नवा कनेक्टर क्रिंप करून (पकडीने दाबून बसवून) घ्या. कापलेल्या जागी तांबं काळं दिसलं तर अजून मागे जाऊन कापा.

आता फायबर, म्हणजे काचेच्या तारेतून प्रकाशाने येणारं नेट. ओएनटीवर, म्हणजे फायबर ज्या डब्यात शिरते त्यावर, एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल असेल तर प्रकाश पोचतच नाही. दिवे ठीक असून पाऊस लागला की नेट गळत असेल तर ओएनटीच्या सेटिंग्जमध्ये 'आरएक्स पॉवर', म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद बघा. ती डीबीएम या एककात असते. साधारण उणे १५ ते उणे २५ डीबीएम चांगलं. उणे २७ च्या खाली गेलं की तुटातूट सुरू होते. मिरगाच्या आधीच, कोरड्या दिवशी हा आकडा लिहून ठेवा. पावसात तो ३ ने घसरला तर येणारा प्रकाश निम्मा झालेला असतो. पावसाने काच खराब होत नाही. झावळ पडून केबल ताणली जाते, माकडं तिच्यावर लोंबकळतात, जॉइंटच्या पेटीत पाणी आणि मुंग्या शिरतात, आणि हे सगळं बाहेरचं काम आहे.

घरातलं मात्र तुम्ही स्वतः बघू शकता. ओएनटीकडे येणारी बारीक, बहुधा पिवळी तार खिडकीच्या झडपेत चेपलेली, खिळ्याला दुमडून बांधलेली किंवा कपाटामागे मोडलेली असते. तीव्र वळणावर प्रकाश काचेबाहेर निसटतो. वळण चहाच्या बशीएवढं तरी गोल ठेवा. टोक उपटून फुंकर मारू नका, ओलावा बसतो. त्यात डोळा लावून तर कधीच बघू नका, आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

लाईन ठीक निघाली तर दोष वायफायचा, आणि कोकणात तो बहुतेक वेळा भिंतींचा असतो. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत साधारण ९ इंचांची, जुन्या घरात दीड फुटापर्यंत, आणि चिरा सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात पाणी धरतो. ओली भिंत लहरी अधिक शोषते, म्हणून मे महिन्यात मागच्या पडवीत चालणारं वायफाय जुलैत चालत नाही. त्यातून केबलवाला राउटर लावतो कुठे, तर तार जिथून आत आली तिथेच, ओटीच्या कोपऱ्यात, टीव्हीमागे. निम्मा सिग्नल खळ्यात आणि गडग्यापलीकडे जातो.

फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर (सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दाखवणारं अ‍ॅप) घेऊन घरभर फिरा. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५-८० ला रडगाणं सुरू. राउटर घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, दाराच्या रेषेत ठेवा. दाराच्या मोकळ्या जागेतून सिग्नल भिंतीपेक्षा कितीतरी चांगला जातो. लोखंडी कपाट, फ्रिज, आरसा आणि पडवीचे पत्रे यांच्यामागे ठेवू नका. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं पण हळू, ५ गिगाहर्ट्झ जलद पण एका चिऱ्याच्या भिंतीतच दमतं. दोन्हींना वेगळी नावं द्या, म्हणजे कशावर जोडलाय ते कळेल. २.४ साठी चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

रिपीटर (वायफायचा सिग्नल घेऊन पुढे पाठवणारा डबा) घेताना बहुतेक जण चुकतात: सिग्नल नाही त्या खोलीतच तो लावतात. त्यालाच मिळत नाही तर तो पुढे काय देणार? तो अर्ध्या वाटेवर हवा, आणि तरीही साध्या रिपीटरने स्पीड सुमारे निम्मा होतो. कौलारू घरात आमचा कौल सरळ केबलला आहे. वाशांच्या कडेने कॅट ६ केबल मागे न्या आणि तिथे दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (म्हणजे केबलने आलेलं नेट फक्त वायफायने पसरवेल असा) लावा. १०० मीटरपर्यंत चालते. केबल शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको. भिंतीबाहेरून नेणार असाल तर उन्हाला टिकणारी काळी आउटडोअर केबल वापरा. आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या आणि भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, नाहीतर पाणी केबलवरून ओघळत थेट राउटरमध्ये येतं. मांगरात (आवारातल्या वेगळ्या खोपटात) किंवा शेजारच्या घरात नेट न्यायचं असेल तर तांब्याची केबल टाळा आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (लॅन केबल आणि फायबर जोडणारे डबे) लावून फायबर टाका. दोन इमारतींमधल्या तांब्यातून विजेचा झटका दोन्हीकडची यंत्रं जाळतो.

ढग गडगडायला लागले की अडॅप्टर सॉकेटमधून आणि बाहेरून आलेली लॅन केबल राउटरमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. राउटर दिवसातून चार वेळा आपोआप रीस्टार्ट होत असेल तर राउटर बदलण्याआधी अडॅप्टर बदलून बघा: व्होल्ट तेच, बहुतेकदा १२, आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त. वीज गेल्यावर मिनी यूपीएसवर (छोट्या बॅटरीवर) राउटर आणि ओएनटी चालू राहून एलओएस लाल होत असेल तर बहुधा ऑपरेटरकडच्या यंत्राची बॅटरी संपली आहे.

गणपतीत घर भरतं तेव्हाची तक्रार वेगळी. मुंबईहून आलेले पंधरा-वीस फोन वायफाय मिळताच फोटोंचा बॅकअप चढवायला लागतात. अपलोड तुंबलं की डाउनलोडच्या पोचपावत्याही अडकतात आणि सगळ्यांचंच नेट बसतं. राउटरला (बहुधा १९२.१६८.१.१) आणि ८.८.८.८ ला (गूगलचा बाहेरचा सर्व्हर) पिंग करून, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. पहिल्याचं उत्तर ५-१० मिलिसेकंदांत आणि दुसऱ्याचं ५०० मध्ये येत असेल तर हेच कारण. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क काढून त्याला अपलोडची मर्यादा घाला, किंवा बॅकअप रात्रीवर टाकायला सांगा.

एवढं करून दोष बाहेरचाच ठरला तर फोनवर 'स्लो आहे' म्हणू नका. तीन दिवसांचे केबलवरचे सकाळ-रात्रीचे आकडे, आरएक्स पॉवर आणि नेट तुटल्याच्या वेळा सांगा. तक्रार क्रमांक लिहून घ्या. दखल घेतली नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे (तक्रारीवरचं अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) अपील करता येतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत.